आजचं कार्ड

हिवरटोल्याच्या तलावात शिंगाड्याचा शेवटचा तोडा चालू होता. रंजीता कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पौषातलं पाणी, सकाळचे आठ. पाय आहेत की गेले, हे मधूनमधून हलवून बघावं लागे. वेल उलटा करायचा, खालचे शिंगाडे खुडायचे, गळ्यातल्या झोळीत टाकायचे, वेल पुन्हा पाण्यावर सोडून पुढे सरकायचं. पोटरीला जळू लागली तर तिला ओढायलाही वेळ नसायचा, बाहेर निघाल्यावर ओढायची. दीड महिना हेच केल्यावर बोटांची कातडी काळी होऊन फाटते आणि शिंगाड्याचा काटा कुठं मोडून बसलाय ते आंघोळीच्या गरम पाण्यातच कळतं.

पण त्या वर्षी तलावातल्या बायकांना आणखी एक काम लागलं होतं. प्रत्येकीच्या गळ्यात झोळीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन लोंबत होता. तो वाजला की हातातला वेल सुटत असे.

हे खूळ आणलं आशाताईनं. निरंजनाताई म्हणजे गावची आशा, भरल्या अंगाची, सायकलवरून फिरणारी, आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवरच्या बाईला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगायची. तिला वरून हुकूम आला होता की गावातल्या सगळ्यांचं आभा कार्ड काढा आणि प्रत्येकाचे दवाखान्याचे जुने कागद त्या कार्डात चढवा, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला फोनवर सगळं दिसेल. महिनाभर ती घरोघर फिरली. लोक म्हणाले, रेशनचं कार्ड आहे, आधारचं आहे, रोजगार हमीचं आहे, आता हे कशाला? म्हाताऱ्यांनी तर तिला बघून दारं लोटून घेतली.

मग तिनं डोकं चालवलं. 'आरोग्यदायी हिवरटोला' हा गावचा व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. त्यात दोनशेबारा माणसं होती आणि सकाळच्या फुलांच्या चित्रांपलीकडे कुणी काही टाकत नव्हतं. निरंजनाताईनं त्यावर रोज संध्याकाळी 'आजचं कार्ड' टाकायला सुरुवात केली. ज्यानं कार्ड काढलं त्याचा फोटो, बाजूला त्याच्या चढवलेल्या कागदाचा फोटो, खाली अभिनंदन आणि सहा फुलं. पहिला मान मच्छीमार सोसायटीच्या गुणवंतरावांना दिला. ते लग्नातला कोट घालून आले. सदुसष्ट अंगठे पडले. दुसऱ्या दिवसापासून गाव नुसतं पिसाळलं. कोलूनं पहिल्या फोटोत मिशी नीट आली नाही म्हणून दुसऱ्यांदा फोटो काढायला लावला. वारलूच्या कार्डात मोडक्या हाताचा एक्स-रे होता, तर दोन दिवस तो गावात वजनदार माणूस होऊन हिंडला. ज्याचा कागद मोठा त्याचं कौतुक मोठं. कागदात काय लिहिलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, डॉक्टरांचं अक्षर वाचता तरी कुणाला येत होतं?

रंजीताला मात्र फुलांची हौस नव्हती. तिला डॉक्टरीण हवी होती. दिव्यानी सात वर्षांची होत आली आणि तिच्यानंतर रंजीताच्या पोटी काही राहिलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात ती तीनदा जाऊन आली, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे म्हणाले. निरंजनाताईनं सांगितलं होतं, येत्या गुरुवारी उपकेंद्रात फोनवर नागपूरची बाळंतपणाची मोठी डॉक्टरीण येणार आहे.

"तुहे जुने कागद चढव आधी," निरंजनाताई पाळीवरून ओरडली. "डॉक्टरीन पाह्यल आन् मंग बोलल. खाली हातानं बसशीन तं काय सांगल ते?"

"एकच कागद हाय ताई. तेलंगणातला. दिव्यानीच्या वेळचा."

"मंग तोच आन. लाल शिक्का हाय का त्याच्यावर? मंग झालं!"

घरी सासू, इंदिराबाई, ओसरीवर उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. सुरी शिंगाड्याच्या डोक्यात घालायची, मनगट वळवायचं, टरफल एकीकडे, गर एकीकडे. साठीची बाई, पण हात यंत्रासारखे चालत. नवरा आदेश अंगणात जाळ्याचे तुटलेले फास बांधत होता.

"मिरची तोडून आलो का भाचीले आनून टाकू," इंदिराबाई शिंगाड्याशी बोलावं तसं बोलली. "नवऱ्यानं सोडली तिले, दोन वर्सं झाली. पाट लावून टाकू. एका पोट्टीवर घर चालते का?"

मिरचीच्या तोड्याला जायला महिनाभर उरला होता. माघ लागला की पोचूभाऊ मुकादम गाडी घेऊन यायचा आणि अर्धा गाव तेलंगणात जायचा. होळीला परत. म्हणजे होळीनंतर या घरात दुसरी बाई येणार, हे सासूनं ठरवून टाकलं होतं. आदेश हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. तो फास बांधत होता. रंजीताला त्याच्या या गप्प बसण्याचा जेवढा राग येई तेवढा सासूच्या बोलण्याचाही येत नसे.

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीच्या तळातून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला कागद काढला. चार घड्यांचा, कडा पिवळ्या पडलेल्या. वर तेलुगू अक्षरं, जिलबीच्या वेटोळ्यांसारखी, खाली डॉक्टरचं इंग्रजी आणि कोपऱ्यात लाल गोल शिक्का. सात वर्षांत तो तिनं कितीदा तरी उघडला होता. ज्या कागदावर आपली लेक झाली तो कागद, म्हणून जपला होता.

"तो कायले काढला?" सासूचा हात थांबला.

"निरंजनाताईनं मांगतला. कार्डात चढवाले."

"राहू दे ना. जुना हाय तो. सरकारी दवाखान्यातलाच एखादा चढव."

"सरकारीवाल्याईनं कुठी देला कागद?" रंजीता म्हणाली आणि पदर खोचून निघाली. सासूच्या तोंडावर काय उमटलं ते बघायला ती थांबली नाही.

उपकेंद्राच्या वऱ्हांड्यात आठ-दहा बाया आधीच नटून बसल्या होत्या. अंगठ्याच्या यंत्रावर रंजीताचा अंगठा लागेना. एकदा लावला, लाल दिवा. दुसऱ्यांदा, लाल दिवा. निरंजनाताईनं तिला हात धुऊन यायला सांगितलं. धुऊन आली, पदरानं पुसला, दाबून लावला, तरी लाल दिवा. शिंगाड्यानं अंगठ्यावरच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या.

"अंगठा हाय का खिळा हाय बाप्पा!" मागून कुणीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. रंजीताही हसली, पण कान तापले.

शेवटी आदेशच्या फोनवर आकडा मागवून कार्ड निघालं. निरंजनाताईनं कागद बाकावर पसरला, चारी कोपऱ्यांवर गोळ्यांच्या डब्या ठेवल्या आणि फोटो काढला. "आता कसा कडक दिसून राह्यला! शिक्का पाह्य!" मग रंजीताचा फोटो. संध्याकाळी ग्रुपवर आलं: 'आजचं कार्ड: रंजीता आदेश मारबते. तेलंगणातील कागदासह. अभिनंदन!' रात्रीच्या जेवणापर्यंत एक्याऐंशी अंगठे पडले होते. गुणवंतरावांना मागे टाकलं. इतक्या दिवसांनी रंजीता जेवताना स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाण्यात होती. ऊन नुकतं वर आलं होतं. गळ्यातला फोन वाजला, पाठोपाठ पाळीवरचे, शिंगाडे वाहायच्या डोंग्यातले फोन वाजले. एकाच वेळी सगळे वाजले म्हणजे ग्रुपवर काहीतरी गंमत आहे. रंजीतानं ओल्या बोटांनी पिशवी वर केली. ओल्या बोटांना फोन दाद देत नव्हता, म्हणून नाकाच्या शेंड्यानं तो उघडला.

स्वप्निलनं लिहिलं होतं. स्वप्निल गावचाच, चंद्रपूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, आणि त्याआधी दोन वर्षं तेलंगणात काम केलेला. त्याला तेलुगू वाचता येत होतं.

'निरंजनाताई, कागद चुकीचा चढला. यावर नाव रोशनी लिहिलं आहे, रंजीतावहिनी नाही. वय एकोणतीस. आधीची मुलं तीन. दोन मार्चला सिझर होऊन मुलगी झाली आणि त्याच वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलं, नस बांधली. दुसऱ्याचा कागद आहे, काढून टाका.'

खाली धडाधड येऊ लागलं. हसून डोळ्यांतून पाणी येणारी पिवळी तोंडं. 'रोशनीबाई, चौथं कुठी लपवलं?' 'पार्टी पाह्यजे!' 'रोशनीच्या नवऱ्याले सांगा रे कोनी!'

रोशनी म्हणजे रंजीताची नणंद. दोन गल्ल्या सोडून राहणारी, तीन पोरांची आई. तिचं नाव आणि चौथं पोर म्हटल्यावर तलावभर हशा पिकला. रंजीताही खदखदून हसली. घरात पेटी एकच, कुणाचा कागद कुणाच्या पिशवीत गेला असेल! नणंद आता कशी धावून येईल हे डोळ्यांपुढे येऊन तिला आणखी हसू फुटलं.

हसता हसता तिनं पुन्हा वाचलं. दोन मार्च.

रोशनीची तिन्ही पोरं पावसाळ्यातली. दोन मार्चची दिव्यानी.

ती हसायची थांबली, पण तोंड तसंच उघडं राहिलं. सात वर्षांपूर्वीचा तो दिवस तिच्यासमोर उभा राहिला. मिरचीच्या रानात आठव्या महिन्यात कळा आल्या, रक्त जायला लागलं, पोचूभाऊनं गाडी काढली. सासू सोबत होती. कुठल्याशा तालुक्याच्या गावातला छोटा दवाखाना. कुणी तेलुगूत विचारत होतं, पोचूभाऊ सासूला मराठीत विचारत होता, सासू मान हलवत होती. मग पाठीत सुई, आणि तिची शुद्ध हरपली. जागी झाली तेव्हा कुशीत पोर होतं आणि पोटाला टाके होते.

नस बांधली. हे दोन शब्द तिनं आशाताईच्या तोंडून शंभरदा ऐकले होते, दुसऱ्या बायांसाठी.

पाणी कमरेइतकंच होतं, पण रंजीताला वाटलं आपण बुडतो आहोत. तिनं वेल धरला, तो तुटून हातात आला. डोंग्यातली बाई विचारत होती, "काय झालं वं? जळू लागली का?" झोळीतले शिंगाडे पाण्यात सांडत सांडत रंजीता काठाला आली आणि ओल्या लुगड्यानं तशीच घराकडे निघाली. वाटेत गुणवंतरावांनी हटकलं, तेही तिला ऐकू आलं नाही.

घरात रोशनी आधीच पोचली होती. अंगणाच्या मधोमध उभी राहून आईवर ओरडत होती. हातातला फोन तिनं असा धरला होता की फेकूनच मारणार.

"माह्या नावाचा कागद गावभर काऊन फिरवून राह्यले तुमी? माहा नवरा इचारते, चौथं पोट्टं कोनाचं! माह्या सासरचे सारे हायेत त्या ग्रुपात!"

इंदिराबाई शिंगाड्याच्या टरफलांत बसली होती. सुरी हातात तशीच.

"मी कधी गेली त्या दवाखान्यात? आँ? सांग ना आई!" आणि बोलता बोलता रोशनीचा आवाज एकदम खाली आला. तिला काहीतरी आठवलं होतं. "आई... माहं आधार कार्ड तूच नेलं होतं ना त्या दिवशी? वयनीचं गावात राह्यलं होतं म्हनून?"

दारात उभ्या असलेल्या रंजीताच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. तिच्याकडे दोघींनी बघितलं. जाळं टाकून आदेशही उठून आला होता.

"बुवा," रंजीता म्हणाली, "काय काय इचारलं त्याईनं तुमाले?"

सासूला गावातले सगळे 'बाई' म्हणत, एकटी रंजीता लाडानं 'बुवा' म्हणायची, कारण माहेरच्या नात्यानं ती तिच्या बापाची मावसबहीण, म्हणजे आत्याच लागे. आज त्या हाकेत लाड नव्हता. इंदिराबाईनं सुरी खाली ठेवली.

"कार्डाबिगर आत घेत नव्हते," ती म्हणाली. "तू रक्तानं भिजली होती. तुहं कार्ड रेशनच्या दुकानात देलं होतं. रोशनीचं माह्यापाशी होतं, तेच देलं. पोचू म्हने, कोन पाह्यते फोटो."

"आन् मंग?"

"मंग त्या बाईनं कार्ड पाहून लिवलं. पोचूनं इचारलं, हे रोशनी व्हय का? मी म्हनलं, हाव. वय एवढं व्हय का? हाव. लेकरं किती? आता रोशनीचं कार्ड, तं रोशनीचे तीन. नाई म्हनलं असतं तं कार्ड खोटं निघालं असतं, तुले बाहेर काढलं असतं. मी तीन म्हनली."

"आन् मंग?"

"मंग पोचू म्हने, तीन लेकरं हायेत तं डॉक्टर इचारून राह्यला, ते बी करून टाकू का, सोबतच होऊन जाईन. मले काय समजलं? मले वाटलं पोटातलं लेकरू काढाचं इचारते. मी म्हनलं हाव, करा, लवकर करा. अंगठा देला." इंदिराबाईनं आपला उजवा अंगठा समोर धरला, जसा काही तोच गुन्हेगार होता. "सारे इचारत होते, मी हाव हाव म्हनत होती. माह्या देहात फक्त हावच होतं त्या दिवशी."

रोशनी भिंतीला टेकून खाली बसली.

रंजीताला ओरडावंसं वाटत होतं. सात वर्षं! सात वर्षं मार्कंडादेवाला उपास केले, वैदूच्या मुळ्या उगाळून प्याली, दर महिन्याला चार दिवस आधी जीव टांगणीला लावला आणि दर महिन्याला न्हाणीत बसून रडली. सात वर्षं या बाईनं हिच्या पोटावरून बोलायचं आणि आता म्हणते मला काय समजलं! पण समोरची म्हातारी खोटं बोलत नव्हती, हे रंजीताला दिसत होतं. तेच जास्त वाईट होतं. ती खोटं बोलली असती तर निदान तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या.

"आन् मले वांझोटी म्हनत होती तू," ती एवढंच म्हणाली. "पाट लावाले निंगाली होती."

इंदिराबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तेवढ्यात सायकल अंगणात आडवी टाकून निरंजनाताई आत आली. तिला धाप लागली होती. तिनं वाटेत सगळं जुळवलं असावं, कारण तिनं कुणाला काही विचारलं नाही. रंजीताच्या खांद्यावर हात ठेवला, मग हात काढून घेतला.

"माह्यानं चूक झाली," ती म्हणाली. "मी वाचाले पाह्यजे होतं. मी शिक्का पाहून खुश झाली."

"काढून टाका ना तो," आदेश पहिल्यांदाच बोलला. "स्वप्निल म्हनते ना चुकीचा कागद, तं चुकीचाच म्हनू. ग्रुपात लिवून द्या, पेटीतला दुसराच कागद आला. दोन दिवसात लोक भुलतीन."

"हाव, काढा बाई," रोशनी रडत म्हणाली. "माहं घर मोडन त्यानं."

"आन् आईवर केस बिस झाली तं?" आदेश म्हणाला. "दुसऱ्याचं कार्ड वापरलं म्हनून? म्हातारपनी ठान्यात न्यायची का तिले?"

निरंजनाताईनं फोन काढला. कार्ड उघडलं, कागदावर बोट ठेवलं. फोननं विचारलं, ही फाईल हटवायची का? तिचं बोट तिथंच थांबलं. ती रंजीताकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू का? नस बांधलेली पुन्हा जोडता येते, कधी कधी. सगळ्याईची नाई जमत, पन जमते. डॉक्टरीन उद्या हायेच फोनवर. पन ते पह्यले इचारन, ऑपरेशन कुठी झालं, केव्हा झालं, कागद दाखव."

"आन् कागद रोशनीचा," रंजीता म्हणाली.

"कागद रोशनीचा. तू म्हनलं का तो माहा हाय, तं सारं सांगाव लागन. कार्ड कोनाचं, अंगठा कोनाचा. लपवून नाई होनार."

घरात चार माणसं होती आणि चारही रंजीताकडे बघत होती. तिला आश्चर्य वाटलं. या घरात आल्यापासून सगळे मिळून तिच्या तोंडाकडे बघतायत, असं आजच होत होतं. मासे विकायचे की सुकवायचे, मिरचीला जायचं की नाही, दिव्यानीला कुठल्या शाळेत घालायचं, यातलं काही तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचं पोट कापायचं तेही विचारलं नव्हतं.

"हटवू नका," ती म्हणाली.

"रंजीता, आईचं पाह्य जरा," आदेश म्हणाला.

"तू माहं पाह्यलं का? ते भाची आनाची म्हने आन् तू फास बांधत राह्यला."

आदेशची मान खाली गेली. रंजीतानं त्याचा फोन त्याच्या हातातून घेतला. तिच्या बोटांनी तो चालत नव्हता, म्हणून तिनं निरंजनाताईला सांगितलं, "तुमी दाबा. मी बोलते." निरंजनाताईनं ग्रुप उघडला आणि बोलायच्या खुणेवर बोट दाबून धरलं.



"मी रंजीता बोलून राह्यली, आदेशची. तो कागद माहाच हाय. दोन मार्चले माही दिव्यानी झाली. माहं कार्ड नव्हतं म्हनून माह्या ननदेचं कार्ड देलं होतं. रोशनीचा काही कसूर नाई, तिले हासू नोका. तिचे तीन लेकरं पाहून डॉक्टरनं माही नस बांधली. मले मालूम नव्हतं. आज तुमच्यासंगच मालूम झालं. सात वर्सं तुमी मले जे म्हनलं, ते माह्यात नव्हतं. बस."

निरंजनाताईनं बोट उचललं. सुं करून आवाज गेला. ओसरीवर बसलेल्या इंदिराबाईनं तो शब्द न् शब्द ऐकला होता. आता गाव तिला काय म्हणेल, हे तिला विचारायचं असावं, पण ज्या सुनेला विचारायचं तिच्याचकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

ग्रुप गप्प झाला. दोनशेबारा माणसांचा ग्रुप, पण एक फूल नाही, अंगठा नाही. लोकांनी ऐकलं होतं हे दिसत होतं. हसणारी तोंडं एकेक करून मागे घेतली जाऊ लागली. जिथं तिथं 'हा संदेश हटवला आहे' एवढंच उरलं.

मग फोन वाजला. पोचू मुकादम. तोही ग्रुपात होता. आदेशनं हात पुढे केला, पण रंजीतानं फोन दिला नाही. निरंजनाताईनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"आदेश? अरे हे काय लावलं बाप्पा तुमच्या बाईनं?" पोचूभाऊचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "माह्या गाडीत यंदा कोन येईन? मी तं फक्त इकडचं तिकडं सांगतलं. तुही आई म्हने हाव, मी तिकडं म्हनलं हाव. माही काय चूक?"

"मी रंजीता बोलून राह्यली पोचूभाऊ."



"बाई, तू... मी तं तुमच्या भल्यासाठीच..."

"तवा मी कुठी होती?"

"कवा?"

"तुमी बुवाले इचारत होते तवा. मी कुठी होती?"

"तू? तू तिथीच तं होती. खाटेवर."

"सुई लागाची होती का लागली होती?"

"लागाची होती. तू तं बोलून राह्यली होती. पानी मांगत होती."

"मंग मले काऊन नाई इचारलं?"

पोचूभाऊ काही लपवत नव्हता. त्याला खरंच प्रश्न समजला नव्हता. मग तो अगदी सरळपणे, भाव सांगावा तसा म्हणाला, "तुले काय इचाराचं बाई? पेशंटले कोनी इचारते का? बरोबरच्या मानसाले इचारते."

ओसरीवर इंदिराबाईच्या तोंडातून हुंदका फुटला. आदेश उठला, पुन्हा बसला. डॉक्टर, सासू, मुकादम, सगळ्यांवर सात वर्षांचा राग काढायला रंजीता तोंड उघडत होती, आणि या माणसाला आपण काय चुकीचं बोललो तेच कळलेलं नव्हतं. इतका वेळ तिला वाटत होतं की कुणीतरी तिच्याशी वाईट वागलं. कुणी वाईटही वागलं नव्हतं. ती त्या खोलीत होती, बोलत होती, पाणी मागत होती, आणि कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

"हॅलो?" पोचूभाऊ पलीकडून म्हणत होता. "हॅलो, बाई? आदेशले दे ना फोन. हॅलो?"

रंजीतानं फोन आदेशला दिला नाही, आणि कापलाही नाही. तिनं तो सासूसमोर जमिनीवर ठेवला आणि ओलं लुगडं बदलायला आत गेली.